पंप-हाउसच्या मागे सत्तावीस पावले

२००९ सालची गोष्ट. तोवर संगणक घरोघरी आला होता, पण त्याची भीड अजून गेली नव्हती. घड्याळजींच्या घरी तो बैठकीत खिडकीखाली असे आणि त्याच्यावर भरतकाम केलेले झाकण असे. तो सुरू करायचा म्हणजे आधी झाकणाची घडी घालायची, मग खुर्चीवर उशी ठेवायची, मग चष्मा पुसायचा. हे सगळे त्यांच्या बायकोकडे होते, कारण घड्याळजींनी चाळीस वर्षे एका डोळ्याला भिंग लावून घड्याळांची पोटे उघडली होती आणि पडद्यावरची अक्षरे पाच मिनिटांत त्यांच्यापुढे नाचू लागत. शिवाय बाई कोर्टात एकतीस वर्षे टंकलेखिका होत्या. साक्षीदार खोकला तर तो कुठल्या शब्दानंतर खोकला हेही टिपून ठेवणाऱ्या. अख्ख्या नोकरीत त्यांचा एक कागद चूक म्हणून परत आला नव्हता.

दुकान बंद करून दोन वर्षे झाली होती. लोकांनी मनगटावर बघणे सोडले, खिशातून फोन काढून वेळ बघू लागले, आणि एक दिवस घड्याळजींनी शटर ओढले ते ओढलेच. त्यानंतर माणूस मिटला. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी खिडकी. विचारले तर उत्तर, नाही विचारले तर तेही नाही. अपवाद फक्त गुरुवारचा. गुरुवारी ते आपले जुने मित्र शिंपी यांच्याबरोबर नदीवर गळ टाकायला जात आणि दुपारी जेवायला बसले की बोलत. पाणी कसे होते, शिंपी काय म्हणाले, गळाचे बूच कसे बुडाले. बाई एक घास जास्त वाढून घेत, ताटावर जरा जास्त बसता यावे म्हणून. आठवड्यातून तेवढाच एक दिवस नवरा घरात असल्यासारखा वाटे.

त्या वर्षी गावातल्या हौशी मासेमारांनी इंटरनेटवर स्वतःचे एक पान काढले होते. निवृत्त पोस्टमास्तर ते सांभाळत. ज्याने त्याने आपली हकीकत तिथे लिहायची, इतरांनी वाचून शाबासकी द्यायची. घड्याळजींनाही वाटले, आपणही एकदा लिहावे. गुरुवारी हातपाय धुवायच्या आधीच त्यांनी बाईंना मजकूर सांगितला.

"लिही. गुरुवार. सकाळ. नदी. कणकेची गोळी. दोन मासे. बस."

बाईंची बोटे कळांवर थांबली. "नदीवर कुठं?"

"ते नाही लिहायचं."

"का?"

"तसं असतं गं," असे म्हणून घड्याळजी मोरीकडे गेले.

आता हे काही कारण झाले? नदी काय हातभर लांब होती? साक्षीत स्थळ नाही म्हणजे ती साक्ष कसली? बाईंना ती जागा ठाऊक होती. मागे एकदा घड्याळजी चष्मा विसरून गेले तेव्हा त्याच तो द्यायला गेल्या होत्या आणि वाट निसरडी म्हणून पावले मोजत गेल्या होत्या. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता तेवढ्या वेळात त्यांनी नवऱ्याचा अर्धवट मजकूर रीतसर पुरा केला.

"गुरुवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे ते अकरा. ठिकाण: नदीवरच्या बंद पंप-हाउसच्या मागे, पडक्या भिंतीतून आत शिरल्यावर डाव्या हाताला सत्तावीस पावले, दोन सपाट दगड. हजर: प्रस्तुत लिहिणार व त्यांचे मित्र शिंपी. सदर जागा शिंपी यांनी त्यांना अकरा वर्षांपूर्वी दाखवली. मासे दोन. पहिला शिंपी यांनी धरला. दुसरा प्रस्तुत लिहिणार यांनी. लांबी साडेनऊ इंच, घरी टेपने मोजली."

बटण दाबून त्यांनी झाकण घातले आणि समाधानाने पोळ्या करायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पान उघडले तर त्रेचाळीस जणांनी आभार मानले होते. इतकी स्पष्ट हकीकत आजवर कुणी लिहिली नव्हती, असे एकाने म्हटले होते. एकाने तर पंप-हाउसच्या मागे गाडी लावायला सावली आहे का, असेही विचारले होते. बाईंनी त्यालाही उत्तर दिले. सावली होती, पण नऊनंतर सरकत होती.

पुढच्या गुरुवारी घड्याळजी सकाळी सातलाच परत आले. काठी कोपऱ्यात उभी केली आणि खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तिथं चौदा माणसं होती."

दोन्ही सपाट दगडांवर अनोळखी पाठी बसल्या होत्या. एकाने घडीची खुर्ची आणली होती, एकाने मेहुणा आणला होता. चौदा गळ एका ठिकाणी पाण्यात पडल्यावर दोऱ्यांचा जो गुंता व्हायचा तो झाला होता आणि चौघे जण एकच मासा आपला म्हणून ओढत होते. वर आली ती चप्पल. शिंपी हातात डबा घेऊन भिंतीच्या भगदाडात उभे राहिले. तेव्हा खुर्चीवाला गृहस्थ मागे वळून प्रेमाने म्हणाला होता, "तुम्हीपण ते वाचूनच आलात का?" शिंपी आले तसे मागे फिरले, घड्याळजींकडे न बघता.

"मी त्याला वचन दिलं होतं," घड्याळजी म्हणाले. बाईंना ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

संध्याकाळी पोस्टमास्तरांचा फोन आला. बाईंनीच घेतला. पोस्टमास्तरांनी फार सौम्यपणे समजावले की वहिनी, काय मिळालं ते सांगायचं, कशावर मिळालं ते सांगायचं, कुठं ते नाही सांगायचं. फोटोत मागची झाडंसुद्धा येऊ द्यायची नाहीत. आणि दुसऱ्यानं विश्वासानं दाखवलेली जागा तर नाहीच नाही.

"मग हे पानावर लिहून का नाही ठेवलंत?" बाई म्हणाल्या.

"लिहून ठेवलं की त्याचा कायदा होतो, वहिनी. मग लोक त्यातल्या पळवाटा शोधतात." मग त्यांनी विचारले, "ती जागा शिंप्यांनी दाखवली, हे नक्की ना?"

"नक्की म्हणजे? मी ऐकीव लिहीत नाही."

"बरं," पोस्टमास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे दोन गुरुवार घड्याळजी घरीच बसले. शिंप्यांचा निरोप नाही, फोन नाही. घरातली सगळी घड्याळे त्यांनी खोलून पुन्हा जोडली. जेवताना मीठ मागण्यापुरतेही तोंड उघडले नाही. ताटावर बसलेल्या बाईंना घास गिळवेना. चूक आपल्या हातून झाली होती, आणि हातून झालेली चूक कागदावरच निस्तरायची, एवढेच त्या आयुष्यभर शिकल्या होत्या.

म्हणून त्यांनी शुद्धिपत्र काढले. "मागील हकीकतीतील ठिकाण रद्द समजावे. वाचकांनी तेथे जाऊ नये." झाले. ज्यांनी पहिली हकीकत वाचलीच नव्हती त्यांनीही आता ती शोधून वाचली. जाऊ नये म्हणतात म्हणजे काहीतरी जबरदस्त मिळत असणार, असे सगळ्यांचे मत पडले. पुढच्या गुरुवारी तिथे सव्वीस माणसे होती आणि भिंतीपाशी एक चहावाला.

हा आकडा बाईंनी स्वतः मोजला, कारण त्या स्वतः गेल्या होत्या. खोटे लिहिणे त्यांना जमणारे नव्हते. मासे संपले, पाणी विषारी आहे, असली एखादी थाप मारून काम झाले असते, पण एकतीस वर्षांच्या सवयीपुढे इलाज नव्हता. मग खरेच लिहायचे, पण पुरे लिहायचे, असे त्यांनी ठरवले. घडीची खुर्ची, वही, दोन पेन्सिली घेऊन त्या काठावर बसल्या आणि दिसेल-ऐकू येईल ते टिपू लागल्या. नाव कुणाचेच लिहिले नाही. तेवढा शिष्टाचार त्या शिकल्या होत्या.

"हजर सव्वीस. मासे तीन, पैकी दोन बोटभर. निळी टोपी यांनी आपला मासा दीड किलोचा असल्याचे सांगितले. चहावाल्याच्या तराजूवर सव्वादोनशे ग्रॅम भरला. पिवळा स्वेटर यांनी सात वाजून वीस मिनिटांनी ऑफिसात फोन करून ताप असल्याचे कळवले. आवाज त्या वेळी बदलला होता. मेहुणे मेहुण्यांशी बोलत नाहीत. मिशीवाले गृहस्थ घरी जाताना बाजारातून मासा घेणार असल्याचे म्हणाले."

हे पानावर आल्यावर प्रथम सगळे पोट धरून हसले. मग निळ्या टोपीच्या घरच्यांनी ते वाचले. पिवळ्या स्वेटरच्या साहेबांनी वाचले. मिशीवाल्यांच्या बायकोने तर मोठ्या अक्षरांत छापून जेवणाच्या टेबलाशेजारी चिकटवले. त्याच्या पुढच्या गुरुवारी एकोणीस माणसे आली आणि ती सगळी बाईंच्या पेन्सिलीकडे बघत बसली. कुणी बोलेना. थापा मारता येत नाहीत तिथे गळ टाकून बसायचे तरी कशाला? नंतर अकरा, नंतर चार. शेवटच्या गुरुवारी चहावाला तेवढा आला. तो बाईंशी गप्पा मारून गेला आणि तेही त्यांनी लिहिले.

घरी येऊन त्या म्हणाल्या, "काठ मोकळा झाला. आता जा."

"कुणाबरोबर?" घड्याळजी म्हणाले.

बाई तशाच शिंप्यांच्या दुकानात गेल्या. शिंपी एका कोटाचे अस्तर उसवत बसले होते. बाईंना बघून ते उठले, खुर्ची पुसली आणि नजर खाली घातली. बाईंनी वाटेत चार वाक्ये जुळवली होती, ती त्यांनी उभ्यानेच म्हटली. चूक माझी, त्यांना काही माहीत नव्हते, शिक्षा मला करा.

"वहिनी, मी कुठं रागावलोय," शिंपी म्हणाले.

"मग तोंड का लपवताय, भावजी?"

शिंप्यांनी दातात धरलेली टाचणी काढली. "ती जागा मला पोस्टमास्तरांनी दाखवली होती. कुणाला सांगणार नाही म्हणून हातावर हात मारून घेतला होता माझा. दोन वर्षं आम्ही बरोबर बसलो. मग त्यांचा गुडघा धरला, त्यांनी येणं सोडलं, आणि मी तिथं एकट्यानं... दोन महिन्यांत मी घड्याळजींना घेऊन गेलो. अकरा वर्षं पोस्टमास्तरांना पत्ता नव्हता. तुम्ही तारीखवार छापलंत. त्यांच्या पानावर, वहिनी. आता गुरुवारी बाहेर पडलो आणि वाटेत ते भेटले तर?"

बाई धपकन खुर्चीत बसल्या. मग त्यांनी दुकानातल्याच फोनवरून पोस्टमास्तरांना फोन लावला. शिंपी नको नको म्हणत होते. बाईंनी जे घडले ते क्रमवार सांगितले.

"मी तरी ती जागा कुठं शोधून काढली होती?" पोस्टमास्तर म्हणाले. "पंप-हाउसच्या पहारेकऱ्यानं दाखवली. कुणाला सांगू नका म्हणाला होता."

"मग तुम्ही का सांगितलीत?"

"शिंपी बरा माणूस वाटला. एकट्यानं किती दिवस पाण्याकडे बघणार? त्याला म्हणावं, माझा गुडघा आता बरा आहे." आणि मग म्हणाले, "सांगावीशी वाटतेच, वहिनी. फक्त एकाला सांगायची. तुम्ही पानावरच्या तीनशे जणांना सांगितलीत, एवढंच चुकलं."

पुढच्या गुरुवारी तिघे गेले. दगड दोनच होते, म्हणून घड्याळजींनी घरातली घडीची खुर्ची नेली. दुपारी ते इतके बोलले की आमटी दोनदा गरम करावी लागली.

पोस्टमास्तरांचे पान पुढे तीन वर्षे चालले, मग लोक दुसरीकडे गेले. पोस्टमास्तर लेकीकडे दूर राहायला गेले आणि तिथल्या तळ्याच्या हकीकती पत्राने पाठवत राहिले, कुठले तळे ते न सांगता. निळी टोपी यांनी मासेमारी सोडून बागकाम धरले. पिवळ्या स्वेटरला नोकरीतून काढले नाही, पण त्यानंतर त्याला खरा ताप आला तरी कुणी विश्वास ठेवीना. शिंप्यांची नजर गेली तेव्हा घड्याळजी त्यांच्या गळाला कणीक लावून देत आणि बूच बुडाले की कोपराने ढोसत. दोघे एकाच वर्षी गेले, तीन महिन्यांच्या अंतराने.

बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. गुरुवारी जमेल तेव्हा जातात. गळ टाकत नाहीत, नुसत्या बसतात. खालच्या मजल्यावर एक परिचारिका राहते. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली आणि दिवस दिवस खिडकीत उभी राहू लागली. बाईंनी महिनाभर ते बघितले आणि एका सकाळी तिचे दार वाजवले. परतीच्या वाटेवर, भिंतीतून बाहेर पडताना, त्या तिला म्हणाल्या, "ही जागा कुणाला सांगायची नाही हं."

"छे, मी कशाला कुणाला सांगतेय?" ती म्हणाली.

बाईंनी आयुष्यात शेकडो साक्षी ऐकल्या होत्या. ही त्यांना मुळीच पटली नाही, पण पुढच्या गुरुवारी किती वाजता निघायचे ते त्यांनी तिला सांगितले.