घरतकाकांचं तांबं

घरतकाका माणसाचं तोंड बघत नाहीत, मनगट बघतात. तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात की त्यांची नजर सरळ तुमच्या हातावर जाते. तिथे तांब्याचं कडं दिसलं तर ते कड्याकडे बघूनच "बरा हाय ना?" असं विचारतात आणि उत्तर मात्र आपण द्यायचं असतं. कडं नसलं तर तुमचा मजला येईपर्यंत तुमची सुटका नाही. मागे मी हौसेने लांब बाह्यांचे कुर्ते शिवून घेतले, तर काकांनी मला ओळखच दाखवली नाही. मला वाटलं, रागावले. नंतर कळलं, मी त्यांना ओळखूच आले नव्हते.

मी उलव्यात राहते आणि न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटर बडवते. घरतकाका माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये. खरं म्हणजे मीच त्यांच्या समोर, कारण आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांचं भात पिकायचं. काका बंदरात क्रेनचं वायरिंग सांभाळून रिटायर झाले. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मुलगा रुपेश, सून दीपाली आणि नववीतली नात मनू.

रोज सकाळी काका गच्चीवर बसून तांब्याची पट्टी ठोकतात. भंगारवाल्याकडून पट्टी आणायची, पाइपावर वाकवायची, कडा घासायच्या आणि ज्याचं दुखत असेल त्याच्या हातात कडं चढवायचं. ज्याचं दुखत नसेल त्याच्याही. सोसायटीने एकदा आवाजाबद्दल नोटीस काढली. काकांनी ती शांतपणे वाचली आणि वर बोट दाखवलं. वरून विमान चाललं होतं. "त्याला दिली काय नोटीस?" म्हणाले. सेक्रेटरी नोटीस घडी करून निघाले. जाताना त्यांच्याही हातात कडं होतं.

हे तांब्याचं वेड काकांना कुठून लागलं, हे मी त्यांना अनेकदा विचारलंय. एकदा म्हणाले, बंदरावर आलेल्या एका परदेशी खलाशाने सांगितलं. एकदा म्हणाले, त्यांचे वडील मिठागरात काम करायचे तेव्हापासून घरात आहे. आणि एकदा म्हणाले, गिरनारला एक बाबा भेटला. मी म्हटलं, काका, नक्की कोण? तर म्हणाले, "तिगं बी सेमच बोल्ले."

त्यांचं शास्त्रही असंच. कड्याखाली कातडी हिरवी पडली की काका खूश. "आतलं भाइर येतंय," म्हणतात. नाही पडली तरी खूश. मग आतलं अजून घट्ट आहे, कडं काढायचं नाही. बायकांनी डाव्या हातात घालायचं, पुरुषांनी उजव्या. डावखुऱ्या माणसाने काय करायचं, असं मी मुद्दाम विचारलं. काकांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी बेल वाजवून म्हणाले, "दोन्ही," आणि निघून गेले.

माझं मनगट टायपिंगने सुजायचं. डॉक्टरांनी पट्टा दिला, व्यायाम दिले, माऊस बदलायला लावला. त्याच सुमारास काकांनी कडं चढवलं. "यो तांबा हाय बाय. घाल हातान्. दुखनं पलून जाईल." आणि पळालं की हो. आता पट्ट्याने पळालं, व्यायामाने, माऊसने की तांब्याने, हे मला आजतागायत कळलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, कड्याने काही होत नाही. पण म्हणताना त्यांनी माझं कडं हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं आणि कुठे मिळतं ते विचारलं. मी कोणाचं खरं मानायचं?

एकदा मात्र काकांनी कहर केला. सत्यनारायणाच्या पूजेला सोसायटीसाठी ताक करायचं होतं. काकांनी आपला जुना हंडा आणला आणि त्याची कल्हई आदल्या दिवशी स्वतः खरवडून काढली, का तर तांब्याचा गुण ताकात सरळ उतरावा. उन्हाळ्याचे दिवस. ताक सकाळपासून हंड्यात. आंबट वस्तू कल्हई नसलेल्या भांड्यात कळकते, हे आमच्या आज्यांना झोपेतही ठाऊक होतं. पण आम्ही सगळे शिकलेले लोक, हिरवट ताक पुदिन्याचं समजून प्यालो. संध्याकाळी अख्खी सोसायटी आपापल्या संडासात कडी लावून बसली. काका दारोदार चौकशी करत फिरले. माफी मागायला आले असतील असं वाटून मी दार उघडलं, तर म्हणाले, "प्वाट साफ जालं ना?"

आणि या सगळ्यात मनू म्हणजे काकांचा जीव. ती रांगायला लागल्यापासून सकाळचं पहिलं पाणी तिला काकांच्या हातचं, रात्रभर तांब्याच्या लोटीत ठेवलेलं. ती नाक मुरडायची, काका गोष्ट सांगायचे, लोटी रिकामी व्हायची. शाळेच्या बसपर्यंत तिला पोचवणं हे काकांचं काम. नववीत गेली तरी हात धरून. तिच्या मैत्रिणी हसायच्या. ती म्हणायची, हसू देत.

गेल्या वर्षी मनूचं अक्षर बिघडलं. आधी सगळ्यांना वाटलं, आळस. मग पेन धरलं की हात थरथरायला लागला. मग बोलताना शब्द अडखळायला लागले. रुपेश म्हणाला डॉक्टर, दीपाली म्हणाली डॉक्टर, काका म्हणाले तांबा. त्यांनी तिच्या एका हातात कडं होतं तिथे दोन्ही हातांत घातली आणि लोटीच्या जागी तांब्या आला. थरथर वाढली तेव्हा मी म्हटलं, काका, आता पुरे करा हा खेळ. "आतलं भाइर येतंय," म्हणाले. पण या वेळी ते खूश दिसत नव्हते.

शेवटी खारघरच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून रिपोर्ट घ्यायला बोलावलं. रुपेशला बंदरावरची ड्युटी सोडता येईना, म्हणून मी गाडी काढली. दीपाली, मनू, काका आणि मी. डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला स्पष्ट. म्हणाल्या, मनूच्या शरीरात तांबं साठत चाललंय.

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चूक झाली.

त्यांनी समजावून सांगितलं. तांबं प्रत्येकाच्या अन्नात थोडं असतं आणि शरीराला ते लागतंही. जास्तीचं शरीर बाहेर टाकतं. मनूचं शरीर ते टाकूच शकत नाही. ते आधी लिव्हरमध्ये साठतं, मग मेंदूत, म्हणून हाताची थरथर. डोळ्यात बुबुळाच्या कडेला तांब्याची तपकिरी रिंगसुद्धा धरलीय, मशीनमध्ये दिसते. काका वाकून मनूच्या डोळ्यांत बघायला लागले. त्यांना काही दिसलं नाही. मलाही नाही.

"माज्या पान्यानं जालं?" काकांनी विचारलं.

"नाही, आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे जन्मापासून असतं. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडून आलेलं. त्या दोघांना त्रास नसतो, मुलाला होतो. तुमचं पाणी नसतं तरी हे झालंच असतं. मात्र ते पाणी आजपासून बंद. तांब्याची भांडी बंद, कालवं, तिसऱ्या असले शिंपले, काजू, चॉकलेट बंद. औषधं रोज, न चुकता, जन्मभर. थरथर कमी होईल, वेळ लागेल."

इतकं सगळं त्या बोलल्या. काकांनी त्यातलं फक्त "ते पाणी आजपासून बंद" एवढंच ऐकलं. गाडीत बसल्यावर मी त्यांना पुन्हा सांगितलं की पाण्यामुळे झालेलं नाही. "मग बंद कशाला केला?" म्हणाले. मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग मीच गोंधळले आणि रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवरची ठोकाठोक थांबली आणि काका कडी परत मागायला निघाले. ज्यांना बळेबळे घातली होती त्यांच्या दारात उभे राहून, "काढा ती, माजी मनू तुमच्याकडं येतंय." कड्याला हात लागून काही होत नाही, असं डॉक्टरीणबाई सांगून थकल्या होत्या. पण ऐकेल तो माणूस घरतकाका कसला? आणि आता लोक कडी सोडेनात. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतबाई म्हणाल्या, माझा गुडघा या कड्यावर उभा आहे, मी मेल्यावर न्या. सेक्रेटरींना कुठूनतरी कळलं की मनूला जस्ताची गोळी दिलीय, तर ते मला जिन्यात गाठून विचारायला लागले की मग जस्ताचं कडं घातलं तर चालेल का. मी माझं काढून दिलं. त्याच संध्याकाळी मनगट ठणकायला लागलं. मी स्वतःला शिव्या दिल्या आणि शेक घेतला.

काकांनी घरातलं सगळं तांबं बाहेर काढलं. लोटी, तांब्या, हंडा, देव्हाऱ्यातलं ताम्हणसुद्धा. दीपाली म्हणाली, बाबा, निदान ताम्हण राहू द्या. नाही.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला. सकाळी ऑफिसला निघताना मला ते दोघं बसकडे जाताना दिसायचे. मनू पुढे आणि काका मागे, अंतर ठेवून, दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबून. मला वाटलं, पोरगी मोठी झाली, तिलाच नको असेल.

मग एका रविवारी मनू माझ्याकडे आली. थोडा वेळ टीव्ही बघत बसली आणि अडखळत म्हणाली, "मावशी, आजा माझा हात का धरत नाही आता? मी थरथरते, लोक बघतात, म्हणून?"

मी म्हटलं, काहीतरीच काय, वेडी आहेस का? पण खरं कारण मलाही माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी दीपालीने माझी बेल वाजवली. "ताई, जरा येता का? बाबा कोणाचंच ऐकत नाहीयेत."

काका स्वयंपाकघरात सिंकपाशी उभे होते. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर. ओट्यावर वाडग्यात भिजवलेली चिंच आणि मीठ. पितांबरीने काळं पडलेलं भांडं घासावं तसे ते चिंचेचा गोळा घेऊन आपले हात घासत होते. तळवे, मनगटं, वर कोपरापर्यंत. कातडी लालबुंद झाली होती आणि एका जागी सोलवटली होती. मीठ झोंबत असणार, पण थांबत नव्हते.

"काका, काय करताय हे?"

"तांबा काढतंय."

"कुठला तांबा?"

"आतला." मान वर न करता म्हणाले. "जनमभर वायरी सोलल्या, कडी ठोकली. भिनला आसंल ना माज्यात. पोरीला हात लावू कसा? रोज घासतंय. नाय निघत."

इतके दिवस हा माणूस खिशात हात कोंबून का चालत होता, ते मला आत्ता कळत होतं. मी त्यांच्या हातातला चिंचेचा गोळा काढून घेतला आणि नळ सोडला.

"काका, तुमच्या हातातून तिला काही जात नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. आणि तुम्हाला माहितीये का तिला काय वाटतंय? तिला वाटतंय, तिचा हात थरथरतो म्हणून तुम्हाला तिची लाज वाटते."

काकांनी वळून बघितलं. दारात मनू युनिफॉर्म घालून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती पुढे आली आणि तिने त्यांचा ओला हात धरला. काकांनी झटक्याने मागे ओढला. तिने पुन्हा धरला, या वेळी दोन्ही हातांनी, आणि सोडला नाही.

"नक्की?" काकांनी मला विचारलं. "नक्की काय नाय व्हनार?"

"नक्की," मी म्हटलं.

त्यांनी दीपालीकडे बघितलं. तिनेही मान हलवली. खाली बसचा हॉर्न वाजला, पण मनू हलली नाही. "आजा, चल ना," ती म्हणाली. काकांची बोटं हळूहळू तिच्या हातावर मिटली. दोघांचे हात थरथरत होते, आणि कोणाचा कोणामुळे, ते मला कळत नव्हतं.