लॅपटॉपमधले दुसरे बिऱ्हाड

जयवंतरावांच्या लॅपटॉपची वाटणी झाली ती एका रविवारी, नेल्सन चर्चमधली मिस्सा आटोपून आल्यावर.

नेल्सन त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा. मूळ घर वसईजवळच्या गिरीज गावात, तिथे अजून केळीची वाडी. स्वतः अंधेरीच्या एका कचेरीत संगणकांची देखभाल करायचा आणि रविवारी चर्चच्या गायनमंडळात गायचा. लॅपटॉप रडतखडत चालू लागला तेव्हा जयवंतरावांनी तो, आजारी मूल डॉक्टरकडे न्यावे तसा, छातीशी धरून त्याच्याकडे नेला. नेल्सनने निदान केले. यंत्र धडधाकट होते, पण आतली जुनी विंडोज थकली होती. तिला काढून लिनक्स नावाची हलकीफुलकी प्रणाली घालावी, असे तो सांगू लागला. पण "काढून" या शब्दासरशी जयवंतरावांचा चेहरा असा उतरला की त्याने वाक्य अर्ध्यावरच सोडले.

"काढू नकोस बाबा. माझं एक काम आहे तिच्यात. जुना प्रोग्रॅम आहे, तो दुसरीकडे चालत नाही."

"मग दोन्ही ठेवू ना काका. एका घरात दोन बिऱ्हाडं. मधे भिंत घालतो. लॅपटॉप चालू केलात की काळा पडदा येईल, त्यावर दोन नावं. वर नवीन, खाली जुनं. खालचं निवडलंत की तुम्ही तुमच्या जुन्या घरात. पण तो थोडाच वेळ थांबतो हां. तुम्ही गप्प राहिलात तर आपल्या मनानं वरच्या घरात शिरतो."

कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात तसेच हे, अशी जयवंतरावांनी मनाशी सांगड घातली आणि निश्चिंत झाले. झांज वाजवण्यात हयात गेलेल्या माणसाला एवढे समजायला काय हरकत होती?

झांज ते वाजवत आले होते ती यमुनाबाईंच्या मागे उभे राहून. यमुनाबाई त्यांची पत्नी, आणि वसईच्या आसपासच्या देवळांतून ज्यांचे कीर्तन लोक पाट ओढून पुढे बसून ऐकत, त्या कीर्तनकार. रेल्वेतली नोकरी सांभाळून जयवंतरावांनी रजा घेतल्या त्या सगळ्या तिच्या कीर्तनांसाठी. मागच्या वर्षी यमुनाबाईंच्या गळ्याचे ऑपरेशन झाले. गाठ गेली, आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. डॉक्टर म्हणाले होते, रोज थोडे बोला, गुणगुणा, आवाज हळूहळू परत येईल. यमुनाबाईंनी एकदाच प्रयत्न केला, स्वतःच्या गळ्यातून निघालेली खरखर ऐकली आणि तोंड मिटले. फुटक्या तांब्याने देवाला पाणी घालू नये, एवढेच त्या पुटपुटल्या. तेव्हापासून घरातला कारभार खुणांवर आणि टाळ्यांवर चालला होता. एक टाळी म्हणजे चहा, दोन म्हणजे दाराशी कोणी आले आहे, आणि पाठोपाठ तीन म्हणजे जयवंतरावांचे काहीतरी चुकले आहे.

आता जयवंतरावांचे एक गुपित होते. यमुनाबाईंना कीर्तन ध्वनिमुद्रित केलेले चालत नसे. देवापुढे गायले ते देवाचे झाले, ते डबीत भरून घरी कसले आणायचे, असे त्यांचे म्हणणे. जयवंतराव मान डोलवत, आणि झांजेच्या पिशवीत एक लहानसा रेकॉर्डर चालू करून ठेवत. वर्षानुवर्षे. ती सगळी कीर्तने त्या लॅपटॉपात होती. दुपारी यमुनाबाई आडव्या झाल्या की ते कानाला हेडफोन लावून एकेक कीर्तन स्वच्छ करत. कुठे कुणाचा खोकला, कुठे पंख्याची घरघर, सगळे चिमटीने उचलून बाजूला टाकत. वसईतल्या होळी भागातल्या दत्तमंदिरात दरवर्षी दत्तजयंतीचे कीर्तन यमुनाबाईंचे असे. यंदा मंदिराची मंडळी दुसरे कुणी बघू लागली, तेव्हा जयवंतरावांनी शब्द दिला होता की यंदाही आवाज तिचाच असेल. तिला समोर बसवायचे आणि तिचेच अनसूयेचे आख्यान लावायचे. आपला आवाज ऐकून तरी ती तोंड उघडेल, ही त्यांची आशा होती. दुसरी कुठली आशा शिल्लक नव्हती.

वाटणीनंतरच्या पहिल्या दुपारी त्यांनी लॅपटॉप उघडला. कुठलेही यंत्र चालू करताना जयवंतराव बटण दाबून डोळे मिटत आणि हात जोडत. स्कूटर असो, मिक्सर असो, नमन झाल्याशिवाय काम नाही. गणपती, शारदा, सद्गुरू, कुलदैवत, ग्रामदैवत, आईवडील, अशी सगळी पंगत बसवून, कुणी उपाशी राहिले नाही ना याची खात्री करून त्यांनी डोळे उघडले. समोर हिरवागार नवा पडदा हसत होता. कीर्तनांचा मागमूस नव्हता. गाण्यांच्या कप्प्यात पाहिले तर तो कप्पा नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा रिकामा.

ते तसेच जिना उतरले आणि कामावरून येणाऱ्या नेल्सनची दारातच वाट बघत बसले.

नेल्सन बॅग खांद्यावर ठेवूनच वर आला. त्याने बटण दाबले, काळा पडदा आला, दोन नावे आली, त्याने खालचे निवडले. जुने बिऱ्हाड जसेच्या तसे होते. मधोमध "यमुना" नावाचे फोल्डर आणि त्यात सगळी कीर्तने ओळीने बसलेली. जयवंतराव ओशाळले. नेल्सन म्हणाला, पेनड्राइव्हवर एक नक्कल काढून देतो. पण अनसूयेच्या आख्यानातला एक खोकला अजून काढायचा राहिला होता, आणि पाहुण्यांपुढे अर्धवट सारवलेले घर कोण दाखवतो? त्यांनी तो विषय पुढे ढकलला.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. नमन, आणि हिरवा पडदा. तिसऱ्या दुपारीही. "अरे, तुझा तो काळा पडदा मला येतच नाही," जयवंतराव फोनवर कुजबुजले. संध्याकाळी नेल्सनने त्यांनाच समोर बसवले आणि बटण दाबायला सांगितले. तो बिचारा उपाशीपोटी शेजारी उभा, त्याला किती ताटकळवायचे, म्हणून जयवंतरावांनी कपाळाला नुसते बोट लावले आणि नमन मनातच उरकले. काळा पडदा हजर. नेल्सनने त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी पडद्याकडे पाहिले. दर्शन द्यावे ते चर्चमध्ये गाणाऱ्याला आणि जन्मभर झांज कुटणाऱ्याला मात्र नाही, हा काय न्याय, असे त्यांच्या मनात आले. आपल्याच भक्तीत काही खोट असेल, असे समजून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून नमनात शेषनाग आणि नवग्रहही घेतले.

हिरवा पडदा आता अधिकच लवकर आल्यासारखा वाटू लागला.

नेल्सनने चार्जर बदलून पाहिला, बॅटरी काढून पुन्हा बसवली. शेवटी त्याच्या मनात यंत्र सोडून माणसाविषयी शंका आली, आणि भला माणूस असल्यामुळे त्याने ती बदलापूरला ऋतिकाला कळवली. ऋतिका म्हणजे यांची एकुलती एक लेक. ती दुसऱ्याच दिवशी ब्राह्मीची बाटली घेऊन आली आणि वडिलांना गॅलरीत नेऊन सहज बोलल्यासारखे विचारू लागली.

"बाबा, आज तारीख काय?"

"मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी."

ऋतिकाने दाराशी उभ्या नेल्सनकडे बघून सावकाश मान हलवली. त्याला बिचाऱ्याला षष्ठीतले काही कळले नाही, तेव्हा त्यानेही मान हलवली. डॉक्टरांची वेळ ठरली. जयवंतरावांना सकाळ-संध्याकाळ दोन चमचे ब्राह्मी सुरू झाली. ते निमूटपणे प्यायले, कारण त्यांना स्वतःलाच आता भीती वाटू लागली होती. आधी तिचा आवाज गेला, आता आपली आठवण चालली. मग ती कीर्तने होती हे तरी कोणाला आठवणार? दत्तजयंती आठवड्यावर आली होती.

यमुनाबाईंचा गळा गेला होता, डोळे नव्हते गेले. लेक येते, कुजबुजते, नवरा औषध पितो आणि कोणी काही सांगत नाही. त्या दुपारी त्या आडव्या झाल्या, पण झोपल्या नाहीत. जयवंतराव पाय न वाजवता टेबलाशी जाऊन बसले तेव्हा त्या उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी पाहिले ते असे. जयवंतरावांनी बटण दाबले, डोळे मिटले, हात जोडले. पडदा काळा झाला. त्यावर दोन ओळी आल्या आणि खाली एक आकडा उलटा मोजत सुटला. हे मात्र ओठ हलवत गणपतीच्या दारातच उभे. यमुनाबाईंनी हाक मारायला तोंड उघडले. नुसती हवा निघाली. त्यांनी पाठोपाठ तीन टाळ्या वाजवल्या. नमन मोडायचे नाही म्हणून जयवंतरावांनी डोळे न उघडता, "आलोच" अशा अर्थाने एक हात वर केला आणि पुन्हा जोडला.

आकडा संपत आला होता. यमुनाबाईंना लॅपटॉपातले काही कळत नव्हते, पण खालच्या ओळीतले विंडोज हे नाव ऋतिकाच्या शाळेपासून ओळखीचे होते. त्यांनी पुढे होऊन खालचा बाण दाबला, मग मोठे बटण दाबले. जुने बिऱ्हाड कुरकुरत, आळस देत उठले. त्याला वेळ लागला, पण जयवंतराव अजून कुलदैवताशीच पोहोचले होते. मग पडद्यावर मधोमध यमुनाबाईंना स्वतःचे नाव दिसले. त्यांनी त्यावर टिचकी मारली, आणि आतल्या पहिल्या ओळीवर आणखी एक.

जयवंतरावांच्या मिटल्या डोळ्यांपुढे नवग्रह उभे होते, आणि त्यांच्या कानावर आला तो यमुनेचा आवाज. भरदार, मोकळा, अनसूयेच्या दारी तीन अतिथी आले ते सांगणारा. त्यांचे ओठ थांबले. परत आला, त्यांना वाटले. देवा, परत आला. डोळे उघडायचा त्यांना धीर होईना, कारण उघडले आणि तो नसला तर?

त्यांनी उघडले. यमुनाबाई शेजारी उभ्या होत्या, तोंड मिटलेले, आणि आवाज लॅपटॉपातून येत होता.

आता बोलणी बसणार, या तयारीने जयवंतराव खाली मान घालून सगळे सांगून मोकळे झाले: पिशवीतला रेकॉर्डर, दुपारची साफसफाई, मंदिराला दिलेला शब्द. यमुनाबाई ऐकत होत्या, पण त्यांना नाही; स्वतःला. आयुष्यभर लोकांना ऐकवले ते त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, पदराने डोळे टिपले. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी बोटाने खूण केली: मागे न्या. जयवंतरावांनी मागे नेले. पुन्हा. परत पुन्हा.

मग यमुनाबाई खरखरीत आवाजात म्हणाल्या, "पळताय."

"कोण?"

"तुम्ही. झांज ऐका."

जयवंतरावांनी ऐकले. तीस वर्षे ते प्रत्येक कीर्तनानंतर घरी येताना तिला समजावत आले होते की बाई गं, तू लय सोडून पुढे धावतेस, मला तुझ्या मागे धावावे लागते. आणि ती बिचारी दरवेळी, असेल बाई, म्हणत आली होती. आता स्वतःच्याच घरात, त्यांनीच हाताने घासूनपुसून लख्ख केलेल्या आवाजात, त्यांची झांज सुसाट पुढे निघाली होती आणि ती बाई पदर सावरत तिच्यामागे येत होती.

"हे लावणार होतात देवळात?"

"हो."

"अख्ख्या होळीत शोभा होईल तुमची." त्यांनी थांबून श्वास घेतला. एवढी वाक्ये त्या वर्षभरात बोलल्या नव्हत्या. "काढा झांज. बसा इथे. मी म्हणते, तुम्ही धरा."

आणि त्यांनी अनसूयेचे पद धरले. आवाज पहिल्याच ओळीत फाटला. त्यांनी घोट घेतला आणि खालच्या पट्टीत पुन्हा धरले. तिथेही तो चिरकला, पण नवऱ्याची लय सुधारायची होती, फाटक्या आवाजाची लाज धरायला सवड नव्हती. जयवंतराव मान वर न करता वाजवत राहिले. वर बघितले तर ती थांबेल, अशी त्यांना धास्ती होती. चूक झाली की त्यांच्या गुडघ्यावर चापट बसे. अशा सुखाची चापट त्यांनी कधी खाल्ली नव्हती. काही चापटा त्यांनी मुद्दाम मिळवल्या.

संध्याकाळी नेल्सन आला तो कीर्तनांची नक्कल काढून घेऊन, जुने बिऱ्हाड पुसून सगळे नव्याने घालायच्या तयारीने. यमुनाबाईंनी त्याला दारातच थांबवले आणि हातांनी सगळा प्रकार करून दाखवला: बटण दाबले, डोळे मिटले, हात जोडले, ओठ हलवत खूप वेळ उभ्या राहिल्या, आणि मग डोळे उघडून लॅपटॉपाकडे बोट दाखवले. नेल्सन हसता हसता खाली बसला. मग डोळे पुसून त्याने यंत्रात दोन-चार अक्षरे बदलली.

"आता हा थांबेल काकू. काकांचं होईपर्यंत. दोन वर्षं लागली तरी." मग त्याने ऋतिकाला फोन लावला आणि डॉक्टरांची वेळ मोडायला सांगितली.

तोवर जयवंतराव आतल्या खोलीत एकटेच सराव करत होते. दत्तजयंतीला रेकॉर्डिंग लागणार नाही, हे ठरून गेले होते. यमुनाबाई म्हणाल्या होत्या की त्या स्वतः उभ्या राहतील, जमेल तेवढे सांगतील, आणि माईक कशासाठी असतो? पण मागची झांज अशीच राहिली तर मात्र त्या येणार नाहीत. नेल्सन खोलीच्या दाराशी जाऊन थोडा वेळ ऐकत राहिला. गाणारा माणूस, त्याला राहवले नाही.

"काका," तो बिचकत म्हणाला, "राग मानू नका, पण तुम्ही थोडं पुढे पळताय."

जयवंतरावांनी झांज मांडीवर ठेवली आणि नेल्सनच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या बायकोकडे पाहिले. यमुनाबाई हसत होत्या, आणि त्या हसण्याला, फुटका का होईना, आवाज होता. हसता हसता ठसका लागला, तेव्हा जयवंतरावांनीच उठून पाणी दिले. पाणी पिऊन त्यांनी भांडे बाजूला ठेवले आणि टाळीसाठी हात उचलला.

"पहिल्यापासून," त्या म्हणाल्या, आणि नेल्सननेही दारातच मांडी घातली.