हातांवर बसणाऱ्या मॅडम

समोरचा माणूस अडला, की आमच्या सुजाता मॅडम स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घालून बसतात. मदत करायचा मोह होऊ नये म्हणून. डब्याचं झाकण उघडता उघडता मला घाम फुटायचा, आणि ही बाई हातांवर बसून म्हणायची, "होतंय की आजी. घाई कुणाला हाय?"

घाई मला होती. हौदापाशी घसरून माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं वाळल्या शेंगांसारखी ताठ. लातूरचा लेक म्हणाला, "आई, तुला भाकर जमंना, लुगडं जमंना. महिनाभर बघतो, न्हाई तर घेऊन जातो." मी अर्धापुरात एकटी राहते आणि मजेत राहते. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसून काय कबुतरं हाकू?

नांदेडच्या डॉक्टरांनी मॅडमना पाठवलं. मला वाटलं, मालिशवाली. मी हात पुढे करून डोळे मिटले. त्यांनी एकेक बोट वाकवून पाहिलं आणि विचारलं, "या हातानं काय करायचंय?"

"भाकर."

"मग उठा. पीठ काढा."

मोडलेला हात रोजच्या कामाला परत लावून द्यायचा, हे त्यांचं शिक्षण. त्याला मोठं इंग्रजी नाव आहे, ते मला येत नाही. त्यांच्या पिशवीत गुंड्या शिवलेली चिंधी, कपड्यांचे चिमटे, असलं भंगार. लोहा गावच्या एका मामांना म्हणे त्यांनी बसथांब्यावर सदऱ्याच्या गुंड्या लावायला लावल्या. बस निघून गेली. मामा शिव्या देऊन राहिले, तर मॅडम म्हणतात, "आता एकच राहिली."

शेजारची शांताबाई माझा पदर सारखा करायला आली, तर तिलाही हाकललं. "मावशी, तुम्ही पुण्य कमवून राहिल्या अन् आजीचा हात बिघडून राहिला."

तीन आठवडे झाले, तरी माझी भाकर उचलतानाच फाटायची. शेवटी मी लबाडी केली. शांताबाईच्या घरची भाकर आणून मॅडमपुढे ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली.

"ही तुमची न्हाई."

"कशावरून?"

"हिच्यावर चारी बोटं उठली. तुमची करंगळी अजून टेकत न्हाई."

पकडली गेले म्हणून मी भडकले. "मग जाऊ द्या मला लातूरला!"

"जा की. मला कुठं कोण नेऊन राहिलंय?" त्यांनी परात पुढे सरकवली. "पण आधी पीठ मळा."

महिना भरला. लेक आला तो माझी लुगडी भरायला मोठी बॅग घेऊनच. मी त्याच्यासमोर भाकर थापली, दोन्ही हातांवर उचलली, तव्यावर टाकली. टम्म फुगली. तो तीन भाकरी जेवला आणि रिकामी बॅग घेऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. "आता माझं काम संपलं," म्हणाल्या. चहा पिऊन झाला, तरी उठेनात. हेल्मेटखाली दबून त्यांचे केस काथ्यासारखे झालेले.

"घरी कोण असतं?" मी विचारलं.

"कुणी न्हाई. आई होती, दोन वर्सं झाली जाऊन."

मी तेलाची बाटली काढली. "बस इकडं."

"कशाला, आजी?"

"माझ्या बोटांना व्यायाम."

त्या माझ्यापुढे पाठमोऱ्या बसल्या. मी तेल जिरवलं, वेणी घातली. त्यांनी हात मागे नेऊन चाचपली.

"सैल झाली. सोडा, परत घाला."

परत घातली. परत चाचपली.

"पेड सारखे न्हाईत. अजून एकदा."

मी तीन पोरींच्या वेण्या घातल्यात. पेड अगदी सारखे होते. तरी मी वेणी सोडली.