अकरा चुका

"आधी गाडी तपासणार, मगच पैसे," मुद्रितशोधकांनी शोरूमच्या दारातच बजावलं.

बत्तीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते. आयुष्यातली पहिली गाडी, तीही फंडाच्या पैशांतून. त्यात विक्रेता जरा जास्तच गोड बोलत होता. म्हणजे पाणी कुठेतरी मुरत असणारच.

"मागे पांढरी उभी आहे साहेब. बघा निवांत, मी कागद घेऊन आलोच."

मुद्रितशोधकांनी बॅटरी काढली, लाल पेन काढलं आणि गाडीत डोकं घातलं. "अगं, एकोणचाळीस किलोमीटर! नवी गाडी हिंडली कुठे?"

"अहो, इथवर चालतच आली असेल ना," बायको म्हणाली. "पाळण्यात घालून कोण आणणार?"

पण दाराला केसाएवढा ओरखडा निघाला. काचेचं रबर सुटलेलं. एक टायर तर गाडीपेक्षा चार महिन्यांनी थोरला. अकरा चुका झाल्या तेव्हा मागून आवाज आला, "काय काय निघालं म्हणालात?"

हातात किल्ली घेतलेल्या एक बाई उभ्या होत्या. श्रोता मिळाल्यावर मुद्रितशोधकांनी यादी खणखणीत आवाजात वाचली. बाईंचा चेहरा उतरत गेला. तेवढ्यात विक्रेता कागद घेऊन आला. मुद्रितशोधकांनी चासी नंबर ताडून पाहिला आणि ते ओरडले, "जुळत नाही! सरळसरळ फसवणूक!"

"साहेब, ही या डॉक्टरबाईंची गाडी. कालच पैसे भरलेत त्यांनी. तुमची पलीकडच्या रांगेत आहे."

मुद्रितशोधकांनी आ वासला तो वासलेलाच राहिला. डॉक्टरबाईंनी त्यांच्या हातातली यादी घेतली आणि किल्ली विक्रेत्याच्या हातात ठेवली. "अकराच्या अकरा दुरुस्त करा. मग फोन करा."

विक्रेत्याचा गोडवा तिथेच संपला.

पलीकडची गाडी मुद्रितशोधकांनी तासभर धुंडाळली. एकही चूक सापडेना. त्यांना घाम फुटला. "शक्यच नाही. लपवलीय यांनी!"

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही माझी पाहिलीत, मी तुमची बघते. हं, बॉनेट उघडा. अजून मोठं." त्या दोन मिनिटं वाकून बघत राहिल्या. "ठणठणीत आहे. घ्या."

"एवढ्यात कळलं?"

"गाडीचं कळलं, आणि तुमचंही एक कळलं. मी दातांची डॉक्टर. मघाशी तुम्ही आ वासलात ना, तेव्हा दिसलं. खालच्या डाव्या दाढेला चीर आहे."

"चीर? किती लांब? कधीची?"

"उद्या दवाखान्यात या. तपासल्याशिवाय कसं सांगू?"

मुद्रितशोधकांनी पैसे भरले, न वाचता सह्या केल्या आणि ते बायकोशेजारी जाऊन बसले. त्यांची जीभ दाढेवरून हलत नव्हती. बायकोने गाडी फाटकाकडे वळवली. जरा जास्तच वळवली.

कर्रर्रर्र!

मुद्रितशोधकांनी दोन्ही हातांनी जबडा धरला. "ऐकलंस? चीर वाढतेय!"

बायकोने आरशातून फाटकाच्या खांबाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"ऐकलं ना," ती म्हणाली. "घरी जाईपर्यंत तोंड अगदी घट्ट मिटून ठेवा."