गांगुर्डेंची चावी

आमच्या शेजारचे गांगुर्डे बायकोच्या फुप्फुसाच्या कॅन्सरला कॅन्सर म्हणत नाहीत. अनधिकृत कनेक्शन म्हणतात. तेही कुजबुजत नाही, गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं ओरडून. "बाई, आज छातीचा फोटो काढला. अजून बसलाय तिथंच, पानी चोरीत! कुनाच्या परवानगीनं?"

'कुनाच्या परवानगीनं?' हे त्यांचं पालुपद. गांगुर्डे मूळचे चांदवडकडचे, आणि नोकरी सगळी नाशकात, पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमनची. कमरेइतकी उंच लोखंडी चावी घेऊन सायकलवर फिरायचे, ठरल्या वेळेला पाणी सोडायचे, ठरल्या वेळेला बंद करायचे. निवृत्त झाले त्या दिवशी चावी खात्यात जमा केली आणि दुसऱ्याच दिवशी लोहाराकडून तश्शीच स्वतःसाठी करून आणली. ती घेऊन सकाळी फिरायला जातात. फाटकासमोर कुणी स्कूटर लावली, कुंपणावर कावळा बसला, माझी रांगोळी वीतभर त्यांच्या हद्दीत गेली, की चावी जमिनीवर ठाण! "कुनाच्या परवानगीनं?"

मीही काही गरीब गाय नाही. मुलींच्या शाळेत सारा जन्म विज्ञान शिकवलंय, माझा आवाज मैदानापलीकडे जायचा. माझ्या शेवग्याच्या पाल्यावरून आमची जुंपते तेव्हा लोक खिडक्या उघडून बसतात.

मग हिराताईंचा खोकला सुरू झाला. हिराताई म्हणजे गांगुर्डेंची बायको. विडी नाही, तंबाखू नाही, साधी मिश्रीसुद्धा कधी लावली नाही. तरी उजव्या फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. तो कागद घेऊन गांगुर्डे दवाखान्यातून घरी गेलेच नाहीत, थेट माझ्या दारात.

"बाई, आमच्या पोरीला तुम्हीच शिकवलं ना, एन्झाइम लय चांगले असतात म्हनून?"

"हो. अन्न पचवतात."

"खोटं शिकवलं!"

चष्मा लावून मी कागद पाहिला. गाठीभोवती बाण काढून डॉक्टरांनी 'एन्झाइम' असं लिहिलं होतं. मग त्यांना ओट्यावर बसवून शिकवणी घेतली. गाठ लहान असते तोवर तिचं कसंबसं भागतं. वाढायचं तर तिला रक्त हवं. ती आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना निरोप धाडते. मग काही एन्झाइम पेशींभोवतीचं जाळं, भिंती कापून वाट मोकळी करतात. त्या वाटेनं नवीन रक्तवाहिन्या गाठीपर्यंत येतात, आणि गाठीतल्या पेशी निसटून दुसरीकडे जाऊन बसतात.

"म्हंजे परवानगी नसताना रस्ता खोदायचा, मेन लाइनला भोक पाडून पाइप टाकायचा, आन् त्याच चरातून ह्याची पिलावळ दुसऱ्या वॉर्डात घुसनार." माझ्या एकाही विद्यार्थिनीनं इतक्या लवकर धडा समजून घेतला नव्हता.

"अगदी बरोबर."

"आन् हे खोदनारे एन्झाइम येतात कुठून?"

"आपल्याच अंगातले. जखम भरताना तेच कामाला येतात. गाठ त्यांना आपल्या कामाला जुंपते."

गांगुर्डे उभेच राहिले. कानशिलं लाल. "म्हंजे आपलाच मानूस फुटला?"

दर तीन आठवड्यांनी केमोबरोबर एक इंजेक्शन ठरलं होतं, नवीन रक्तवाहिन्या फुटू न देणारं. ते त्यांना मनापासून पटलं. "हे झालं कनेक्शन तोडनारं पथक!" म्हणाले. सलाइन लावायला आलेल्या सिस्टरला त्यांनी चहा पाजला म्हणे. एरवी हा माणूस कुणाला पाणीही विचारत नाही.

पुढच्या पंधरवड्यात चांदवडहून हिराताईंचा भाऊ आला, डाळिंबांची पेटी आणि पिशवीभर बीट घेऊन. तो गेल्या गेल्या गांगुर्डेंनी पेटी माझ्या ओट्यावर आणून आपटली. "घ्या. आमच्यात चालत नाय." मी म्हटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला! आणि निर्लज्जासारखी आठ दिवस डाळिंबं खाल्ली. छान होती, लालबुंद.

तीन आठवडे झाले. दोघं रिक्षानं दवाखान्यात गेली आणि इंजेक्शन न घेताच परत आली. हिमोग्लोबिन पार खाली गेलेलं. डॉक्टर म्हणाले, आधी अंगात रक्त येऊ दे, मग बघू. संध्याकाळी हिराताई आमच्या मधल्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, ओठ पांढरे पडलेले. मी विचारलं, "अहो, जेवता तरी काय?"

"ह्यांनी बंद केलंय सगळं. बीट, खजूर, गूळ, डाळिंब. रक्त वाढलं की गाठीला पानी मिळतं म्हनत्यात."

माझं डोकंच सटकलं! त्या बाईच्या तोंडची डाळिंबं मी खाल्ली होती. पदर खोचून मी सरळ त्यांच्या घरात घुसले.

"गांगुर्डे, अक्कल गहाण ठेवली का तुम्ही? मेन लाइन बंद केलीत की चोराच्या आधी घरची माणसं तडफडतात! एवढं कळत नाही? जन्मभर काय केलंत मग?"

"मी कधी चावी चुकवली नाय," ते ओरडले.

"आता चुकवलीत! ह्या घरात चावी डॉक्टरांच्या हातात आहे, तुमच्या नाही!"

ते आणखी ओरडतील म्हणून मी कंबर कसून उभी होते. पण ते दाराआडच्या चावीकडे बघत उंबऱ्यावर बसले.

"आमची जुनी गल्ली लाइनीच्या शेवटी होती, बाई. वरच्यांचं भरून झालं की आमच्याकडं करंगळीएवढी धार. पोरीचं बारसं होतं, घर पाव्हन्यांनी भरलेलं. हिरा म्हनली, आज पाच मिनिटं उशिरा बंद करा. मी घड्याळ बघून बंद केलं. लोक म्हनले असते, घरच्यांना पानी सोडतो. बाराव्या दिवसाची बाळंतीन हंडा घेऊन हापशावर गेली. मी बघत होतो. त्यानंतर तिनं माझ्याकडं काहीच मागितलं नाय. कधीच. म्हनलं, आता तरी तिच्यासाठी चावी फिरवावी. तर तीबी उलटीच फिरली."

मला रडू आलं. आणि रडू आलं याचाही भयंकर राग आला. त्या गाठीचा राग आला, तिच्या एन्झाइमांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. दुसऱ्या दिवशी बाजारातून डाळिंबं आणली आणि मधल्या भिंतीवर नेऊन ठेवली.

"कुनाच्या परवानगीनं?" आतून आवाज आला.

"माझ्या!" मी म्हटलं. पिशवी मुकाट्यानं आत गेली.

हिमोग्लोबिन चढतंय हळूहळू. सोमवारी इंजेक्शन द्यायचं ठरलंय. पुढे काय होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत, आणि मला खोटी आशा दाखवता येत नाही.

काल सकाळी तुळशीला पाणी घालताना भिंतीपलीकडे नजर गेली. अंगणात खुर्चीवर हिराताई, समोर स्टुलावर गांगुर्डे, हातात वाटी. डाळिंबाचे दाणे एकेक करून भरवत होते. हिराताई दमल्या होत्या. त्यांनी हातानं वाटी सारली.

"बास झालं. बंद करा आता."

गांगुर्डेंनी सवयीनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग ते काढून खिशात टाकलं आणि पुढचा दाणा उचलला.

"पाच मिनिटं, हिरा. अजून पाच मिनिटं चालू दे."