सूर उशिराने सुटेल

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून चौकशीकाकांनी उभं आयुष्य लोकांना वेळा सांगण्यात घालवलं आणि स्वतः मात्र त्यांतली एकही पाळली नाही. लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमाला ते पोचले तेव्हा शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता. (काकांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या.) डॉक्टरकडे जायला निघाले, तर पोचेपर्यंत ताप उतरलेला असे.

म्हणून काकूंच्या निवृत्तीची तारीख ठरली तेव्हा काकूंनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. काकू इस्पितळात मुलांच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर होत्या, आणि निरोप समारंभ इस्पितळाच्याच हॉलमध्ये व्हायचा होता.

"अहो, मला भेट नको, भाषण नको," नाश्ता करता करता त्या म्हणाल्या. "त्या दिवशी फक्त वेळेवर या. एकदाच. नऊच्या ठोक्याला."

यावर शहाण्या माणसाने 'बरं' म्हणून तोंडात घास घातला असता. पण काकांना ते लागलं.

"वेळेवर तर येईनच," ते म्हणाले. "वर तुमच्या सिस्टर मंडळींच्या गाण्याला साथही मीच करीन. बाहेरचा वाजवणारा बोलवायचा नाही, सांगून टाक."

सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला. (सासूबाई लेकीकडेच राहत, आणि त्यांनी कप खाली ठेवला की घरात सगळे सावध होत.) "जावईबापू, तुम्ही नुसतं पोचायचं बघा. एका दिवशी दोन-दोन अवघड कामं कशाला?"

झालं. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

गाणं तसं साधं होतं. रडणाऱ्या मुलांना झोपवायला काकूंनी स्वतःच रचलेली अंगाई, 'नीज आता नीज, दुखणं गेलं गावाला.' वॉर्डातली मुलं त्यावर झोपत, त्यांच्या आया झोपत, एकदा तर तपासायला आलेले डॉक्टरही झोपले होते. तीच अंगाई पाच सिस्टर मिळून काकूंना म्हणून दाखवणार होत्या.

काकांकडे गाणी रेकॉर्ड करायचं एक सॉफ्टवेअर होतं, तरुणपणी हौसेने घेतलेलं. त्याच्या खोक्यावर 'भविष्यातला स्टुडिओ, आज तुमच्या घरी' असं छापलं होतं. ते भविष्य येऊन, दोन घटका बसून, कधीच निघून गेलं होतं. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी बुडाली होती. ते चालावं म्हणून काकांनी त्याच्याच वयाचा कॉम्प्युटर जपून ठेवला होता. बटण दाबून काका आंघोळीला जात आणि केस पुसत परत येत, तेव्हा कुठे पडद्यावर काहीतरी उमटायला लागलेलं असे. या जोडीला काकांनी पेटीसारख्या पट्ट्यांचा नवाकोरा मिडी कीबोर्ड जोडला, बाह्या सरसावल्या आणि झोकात पहिली पट्टी दाबली.

काही नाही. दुसरी दाबली. काही नाही. दोन्ही कोपरं टेकवली. तरी चिडीचूप.

मेहुण्याला बोलावणं गेलं. काकूंचा हा धाकटा भाऊ कार्यक्रमांना माइक आणि स्पीकर पुरवत असे, त्यामुळे घरातल्या सगळ्या आवाजांची जबाबदारी त्याच्यावर होती.

"भाऊजी, ह्या कीबोर्डात आवाज नसतोच."

"मग दुकानदाराने विकलं काय मला?"

"हा नुसता कळवतो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, एवढंच. आवाज काढणारा कॉम्प्युटरच्या आत बसलेला असतो, त्याला सिंथ म्हणतात. आता कसं सांगू... तुम्ही खिडकीतून सांगता, बस आली. पण बस तुम्ही चालवता का?"

हे काकांना इतकं पटलं की त्यांनी कीबोर्डाच्या पाठीवरून हात फिरवला. इतकी वर्षं नोकरी करून त्यांना अखेर एक समदुःखी भेटला होता.

"तो सिंथ मिळाला की झालं," मेहुणा म्हणाला. "पण तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे, नवे सिंथ त्याला दिसणारच नाहीत. त्यापेक्षा नवं सॉफ्टवेअर टाकून देतो. चहा होईपर्यंत काम होईल."

"माझ्या सॉफ्टवेअरला काय धाड भरलीय?" काका म्हणाले. आपण म्हातारे झालो, असं कुणी तोंडावर म्हटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मेहुण्याने चहा तेवढा घेतला आणि तो गेला.

मग काका इंटरनेटच्या अडगळीतून सिंथ हुडकू लागले. एक दिसला तो उघडेना, एक उघडला तो बंद होईना. अखेर एक जुनापुराणा सिंथ सॉफ्टवेअरने ओळखला. काकांनी मोठ्या मायेने अंगाईची पहिली ओळ वाजवली. पहिल्या पट्टीला ढोल वाजला. दुसरीला शिट्टी. तिसरीला थाळी कोसळली, चौथीला घंटा घणघणली, आणि 'दुखणं गेलं' या जागेवर तर कुणी बादलीसकट जिन्यावरून गडगडत खाली आल्याचा भास झाला.

सासूबाई धावत आल्या. "काय पडलं?"

"अंगाई आहे ही."

"कुणाला झोपवताय, चोराला?"

काकांनी मेहुण्याला फोन लावला. तो हसत सुटला. "भाऊजी, तुम्ही चॅनल दहावर आहात! दहावर सगळी ढोलकीवाली मंडळी असतात. एक नंबरला या, तिथे पियानो."

"म्हणजे इतका वेळ मी चुकीच्या फलाटावर उभा होतो तर," काका म्हणाले. त्यांनी फलाट बदलला, पट्टी दाबली, आणि पियानोचा सूर आला. अगदी गोड. फक्त लगेच आला नाही. पट्टी दाबायची, बोट उचलायचं, मनात जरा शंका येऊ द्यायची, आणि मग 'टँऽऽ'.

काकांनी सेटिंगमध्ये जाऊन हा उशीर कमी करून पाहिला. तेव्हा सूर वेळेवर यायला लागला, पण तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचरत. पुन्हा वाढवला, तर गोड पण उशिरा.

"साउंडचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज हाकणारा प्रोग्रॅम, बदलायला हवा," मेहुणा फोनवर म्हणाला. "नवा टाकला की लगेच वाजेल. येऊ का?"

"ड्रायव्हर बदलून गाड्या वेळेवर आल्या असत्या, तर मला खिडकीत बसवलं असतं का कुणी?" असं म्हणून काकांनी फोन ठेवला. आणि त्यांना एक अफाट कल्पना सुचली. सूर उशिरा येतो ना? मग पट्टी आधी दाबायची! बस उशिरा सुटणार हे ठाऊक असलं की माणूस ओरड करत नाही, हिशेब करून वागतो. काकांनी हिशेब केला. 'नीज' ऐकू यायला हवं असेल, तर त्याआधीचं अक्षर तोंडात असतानाच बोट पडलं पाहिजे.

पहिल्या दिवशी घाम फुटला. दुसऱ्या दिवशी बोटं ऐकू लागली. आठवडाभरात काकांचा हात असा बसला, की ते नेहमी येणाऱ्या सुराच्या थोडं पुढे असत. पाच सिस्टर तालमीला घरी आल्या, कोचावर दाटीवाटीने बसून गायल्या, आणि साथ इतकी चोख झाली की त्यांच्यातल्या मोठ्या आवाजाच्या सिस्टर म्हणाल्या, "काका, आधी का नाही वाजवलंत कधी?" मेहुण्याने विचारलं, तर काका नुसतं म्हणाले, "जमवलंय मी. तू नको काळजी करू." कसं जमवलंय, ते सांगितलं नाही. (सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि काकांची अब्रूही वाचली असती.)

पण बोटांना लागलेली सवय अंगभर पसरली. काका चहा हातात यायच्या आत 'छान झालाय' म्हणू लागले. दार वाजायच्या आत उघडून उभे राहू लागले आणि बाहेर कुणीच नाही म्हणून वैतागू लागले. चौकशी खिडकीत तर कहर झाला. प्रवाशाने तोंड उघडायच्या आत काका म्हणत, "फलाट तीन, आत्ता सुटतेय, पळा!" माणूस पळे. एका बाईंना फक्त सुट्टे पैसे हवे होते, त्या पार शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आल्या.

समारंभाचा दिवस उजाडला आणि काका नवा सदरा घालून नऊ वाजायला बराच वेळ असताना इस्पितळात हजर झाले. हॉलमध्ये काळं कुत्रं नव्हतं. झाडूवाल्या मावशी फरशी पुसत होत्या.

"कुणाला भेटायचंय? भेटीची वेळ दुपारची," त्या म्हणाल्या.

"समारंभाला आलोय," काका म्हणाले. नऊ वाजून गेले, तरी कुणी आलं नाही. काकांना परमानंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा ते खुर्चीवर बसून इतरांच्या बेशिस्तीवर मान हलवत होते. पाच सिस्टर उशिरा, डॉक्टर उशिरा, आणि खुद्द काकू उशिरा! हे आता जन्मभर पुरेल, असं त्यांच्या मनात आलं. मग भूक लागली म्हणून ते कँटीनमध्ये गेले.

तेवढ्यात मेहुणा टेम्पोतून स्पीकर आणि काकांचा कॉम्प्युटर घेऊन आला. सगळं जोडलं, एक पट्टी दाबली, आणि तो उशीर ऐकून त्याला गलबलून आलं. बिचारे भाऊजी याच्यावर वाजवणार? मागितलं नाही, तरी माणसाने आपल्या माणसाचं बघायला नको का? त्याने खिशातल्या पेनड्राइव्हवर आणलेला नवा ड्रायव्हर टाकला. आता पट्टी दाबताक्षणी सूर. भाऊजींच्या मानी स्वभावाची कल्पना असल्यामुळे तो कुणाला काही बोलला नाही. वाजवताना त्यांना आपसूक कळेल आणि आनंद होईल, एवढंच त्याला वाटलं.

हॉल भरला. पुढच्या रांगेत सासूबाई, त्यांच्या शेजारी काकू, आणि भोवती वॉर्डातली मुलं, कुणाच्या पायाला प्लास्टर, कुणाच्या डोक्याला पट्टी. काकूंनी नवऱ्याला आधीच कीबोर्डापाशी बसलेलं पाहिलं आणि त्यांचे डोळे असे चमकले की काकांना सगळ्या कष्टांचं चीज झाल्यासारखं वाटलं.

मोठ्या आवाजाच्या सिस्टरनी श्वास घेतला. काकांनी सवयीने तो श्वास अर्धा असतानाच पट्टी दाबली. पियानो तत्काळ वाजला.

सिस्टर दचकल्या. आपणच मागे राहिलो असं वाटून त्यांनी पुढचा शब्द घाईने धरला. काकांना तो अपेक्षेआधी ऐकू आला. गाणं लवकर चाललंय म्हटल्यावर त्यांनी पुढची पट्टी आणखी आधी दाबली. सिस्टर आणखी धावल्या. काका त्यांच्याही पुढे. 'नीज आता नीज' ही ओळ बघता बघता दुडक्या चालीवर आली, दुसऱ्या कडव्यात ती भरधाव सुटली, आणि 'दुखणं गेलं गावाला' तर असं गेलं की त्याने मागे वळून पाहिलं नाही. मुलं टाळ्या पिटू लागली. प्लास्टरवाला पोरगा खुर्चीवर चढून नाचू लागला. डोळे मिटून बसलेले डॉक्टर खडबडून उभे राहिले.

काकांचे कान तापले. काय चुकतंय ते कळत नव्हतं, थांबता येत नव्हतं. बाकी कशाचं नाही, पण तिचं गाणं होतं, तिचा दिवस होता, आणि तिने एकच गोष्ट मागितली होती. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. काकू उठून मागे येऊन उभ्या होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी काकांच्या खांद्यावर थोपटायला सुरुवात केली, वॉर्डातल्या पोरांना थोपटत तशी. सावकाश. एक थाप, एक पट्टी. काकांनी हिशेब सोडून दिला आणि थाप पडली की बोट ठेवलं. सिस्टर धापा टाकत मागे आल्या, सावरल्या, आणि शेवटचं कडवं अंगाईसारखं झालं. मुलं हळूहळू खाली बसली. डॉक्टरांनी पुन्हा डोळे मिटले.

टाळ्या थांबेनात. "असा निरोप कुणाचा झाला नाही," असं जो तो म्हणत होता. मेहुण्याने तेवढ्यात ड्रायव्हरची हकीकत सांगून टाकली आणि दोन पावलं मागे सरकला, पण काकांमध्ये चिडायचंही त्राण नव्हतं.

परतताना चौघं टेम्पोत बसले. मेहुणा चालवत होता, त्याच्या शेजारी सासूबाई, मागे स्पीकरला टेकून काका आणि काकू.

"गाण्याचं जे झालं ते झालं," काका म्हणाले. "पण वेळेवर आलो की नाही? सगळ्यांच्या आधी हजर! तुझं सगळं इस्पितळ उशिरा आलं, पण मी नाही."

काकू मागे पळणाऱ्या रस्त्याकडे बघू लागल्या. मेहुणा खोकला.

"काय झालं?"

"अहो, कार्यक्रम अकराचाच होता," काकू हळूच म्हणाल्या. "तुम्हाला नऊ सांगितलं होतं. तुम्हाला मी नेहमीच आधीची वेळ सांगते. तुमचा उशीर धरून."

काका थक्क झाले. "नेहमी? म्हणजे कधीपासून?"

"लग्नापासून," पुढच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. "युक्ती माझी. लग्न संध्याकाळचं होतं, जावईबापू. तुम्हाला सकाळचं सांगितलं, म्हणून निदान जेवणं उरकायच्या आत तरी पोचलात."