पाटावरचा कोंबडा

चतुर्थीच्या सकाळी समीक्षा थोरल्या दिरांकडे मोदक वळायला निघाली, तर सुरभी दारातच आडवी आली.

"आई, माझा फोन सापडत नाय. कालपासून."

एरवी समीक्षाने ही बातमी मोदक उकडेपर्यंत बाजूला ठेवली असती. पण नर्सिंगच्या कॉलेजात पोरीला जागा लागली होती आणि ती पक्की करायची मुदत आज संध्याकाळी संपत होती. पक्की करायला ओटीपी हवा, आणि ओटीपी येणार त्याच फोनवर. नवीन सिमकार्ड काढावं, तर पेणमधलं दुकान सणापुरतं बंद.

नितेशने आधी बापाचे प्रश्न उरकून घेतले. शेवटचा कुठे बघितलास, कुठे ठेवलास, लक्ष कुठे असतं तुझं. यातल्या एकानेही आजवर काही सापडलं नव्हतं, पण ते विचारल्याशिवाय त्याला पुढचं सुचत नसे. फोन लावला, तर रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं. मग त्याला आठवलं, की कंपनीतल्या एकाने हरवलेला फोन नकाशावर शोधला होता. त्यासाठी सुरभीचा पासवर्ड लागत होता. तो तिने बापाकडे पाठ करून स्वतःच टाकला, आणि नकाशावर ठिपका उगवला. रोह्यात.

"चोरीला गेला," नितेश म्हणाला.

सुरभी गप्प झाली. समीक्षाला पोरीचं बोलणं फारसं पटत नसे, पण हे गप्प होणं तर मुळीच पटलं नाही.

दिरांची गाडी मागून घेऊन तिघं पेणजवळच्या जोह्याहून निघाली. वडखळच्या गर्दीत नितेशने चोराला काय बोलायचं ते ठरवलं आणि नागोठण्यापर्यंत दोनदा बोलूनही दाखवलं. ठिपका रोह्यात एका कौलारू घरावर बसला होता. दारात चपलांचा ढीग होता. नितेश बाह्या सारून आत शिरला, तर समोर गणपती.

घरच्या गिरजाबाईंनी तुम्ही कोण, कुठले असं काही विचारलं नाही. सणाला दारात आलेला माणूस दर्शनालाच आलेला असतो. त्यांनी तिघांना बसवलं आणि हातात मोदक ठेवले. तोंडात मोदक असताना चोर म्हणता येत नाही, हे नितेशच्या तेव्हा लक्षात आलं. दुसरा मोदक संपल्यावर त्याने गुपचूप फोन वाजवायचं बटण दाबलं. हरवलेला फोन सायलेंटवर असला तरी त्याने वाजतो, असं कंपनीतल्या माणसाने सांगितलं होतं.

ते खरं होतं. सुरभीने रिंगटोन म्हणून कोंबड्याची बांग लावली होती. भर घरात गणपतीच्या पोटातून कोंबडा आरवू लागला.

आरतीचं ताट एकीच्या हातातून पडलं. एका आजोबांनी लोटांगण घातलं. सुरभीने मात्र आईच्या पदरात तोंड खुपसलं आणि तिथूनच सगळं सांगितलं. ती मालूताईंच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायला जात होती. आखणी करणारीच्या हातात फोन दिसला, की मालूताई तो रंगाच्या बादलीत बुडवायच्या. काल त्या अचानक मागे येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा सुरभीने हाताशी होता तो गणपती जरा कलता केला आणि फोन त्याच्या पोकळीत सारला. मूर्ती गिऱ्हाइकाने आधीच आणून दिलेल्या पाटावर बसवलेली होती. सुरभी जेवून येईपर्यंत गिऱ्हाईक पाटासकट मूर्ती घेऊन गेलं.

"मग काढा की," नितेश म्हणाला.

गिरजाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो आपोआप खाली बसला. "पूजा झाली. आता पाच दिवस देव जागचा हलायचा नाय."

समीक्षाने हात जोडले. पोरीच्या जागेचं सांगितलं, संध्याकाळची मुदत सांगितली. गिरजाबाईंनी गणपतीपुढची समई सारखी केली.

"कसलं शिक्षण गो ता?"

"नर्सिंग."

"म्हंजे सुई टोचनारी." त्यांनी समईची वात पुढे सारली. "देव नाय हलायचा. पाटाचा मी काय बोललेय? जगन, खालनं घूस."

त्यांचा मुलगा जगन सुतारकाम करायचा. पाट दोन स्टुलांवर आडवा ठेवून खाली चादर सोडलेली होती. तो अवजारं घेऊन चादरीखाली शिरला. फोन नेमका कुठे आहे ते कळावं म्हणून नितेशही मागोमाग शिरला आणि पाटाला कान लावून पडला. बाहेर समीक्षा बटण दाबी, आत कोंबडा आरवे, नितेश म्हणे, "जरा डावीकडे." चार बायकांनी मूर्ती हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ऐकायला अख्खी आळी खिडकीत जमली होती, आणि फोनचं चार्जिंग उतरत होतं.

अखेर पाटाचा चौकोनी तुकडा सुटला आणि त्याच्यामागून फोन नितेशच्या नाकावर पडला. चार्जरला लावून ओटीपी टाकला, जागा पक्की झाली. सुरभी रडली, समीक्षाने गणपतीला नमस्कार केला आणि गिरजाबाईंनी सगळ्यांना पुन्हा मोदक वाढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समीक्षाला रोह्याहून फोन आला. मागे बरीच कुजबूज ऐकू येत होती.

"पोरीचा फोन घेऊन ये गो," गिरजाबाई म्हणाल्या. "काल कोंबडा आरावला नि पोरीला जागा मिलाली, ह्या पार खांब गावापरेंत गेलाय. बारावीच्या पोरांचं आयबाप अंगनात बसलेत. सकालधरनं देव गप हाय, आनी मानसं काय उठत नाय."

समीक्षाने सुरभीकडे पाहिलं. कालपासून फोन तिच्या मुठीतच होता, झोपेतसुद्धा.

"मावशी, आता तो परत देवाखाली कसा ठेवायचा?" समीक्षाने विचारलं.

"त्याची नको तू कालजी करूस," गिरजाबाई म्हणाल्या. "भोक पाडलेलाच हाय."